दत्तारामच्या दुकानाचं उद्घाटन

पाटीवरचा पडदा ओढायला कुणीच पुढे येईना. पडदा म्हणजे सुलक्षणाचं जुनं पातळ. त्याला बांधलेली दोरी खाली लोंबत होती आणि दारात तिचा नवरा दत्ताराम पेढ्यांचा पुडा उघडून उभा होता. रस्त्यापलीकडे, फाटकापाशी, अख्खी चाळ जमली होती. हसत होती, हात हलवत होती, पण रस्ता ओलांडत नव्हती.

लोकांचाही इलाज नव्हता. दुकान अंत्यविधीच्या सामानाचं. बांबू, सुतळी, मडकी, पांढरं कापड, सगळं एका जागी. अशा दुकानदाराला शुभेच्छा तरी काय द्यायच्या? भरभराट होवो म्हणावं, तर ती व्हायची कुणाच्या जिवावर? घाटकोपरात दुकानांच्या मुहूर्ताला पेढा खायला माणसं बोलावल्याशिवाय येतात. इथे बोलावूनही येईनात.

खरं तर या चाळीतला एकही मयत दत्तारामशिवाय उठला नव्हता. तिरडी बांधावी तर त्यानेच. कुणी गेल्याचं कळलं की तो हातातलं काम टाकून निघायचा, आणि त्यापायीच नोकऱ्या जायच्या. साबणाच्या कारखान्यातली गेली, छापखान्यातली गेली. शेवटच्या साहेबांनी विचारलं होतं, "अरे, तुझे मामा गेल्या महिन्यातच गेले ना?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हे धाकटे मामा. दत्ताराम म्हणाला, "ते माझे नव्हते साहेब, शेजाऱ्यांचे होते. हेही शेजाऱ्यांचेच आहेत." साहेबांनी त्याला कायमचा मोकळा केला.

आता सुलक्षणाचा भाऊ चंद्रप्रकाश त्याच्यासाठी विक्रोळीच्या एका कारखान्यात शब्द टाकून आला होता. तिथल्या साहेबांना भेटायला न्यायचं म्हणून तो स्कूटर चालूच ठेवून दुकानासमोर थांबला होता. सुलक्षणाने नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "दादाची स्कूटर निघायच्या आत एक जरी माणूस पायरी चढला, तरी दुकान चालवा. नाही तर कुलूप लावायचं आणि गुपचूप दादाच्या मागे बसायचं."

काम होतं टाइमकीपरचं. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपत बसायचं. ते आपल्याला जमणार नाही, हे दत्तारामला आत्ताच कळत होतं. माणूस गेलेल्या घरात मात्र त्याला सगळं जमायचं. कुणाला रडू द्यावं, कुणाला चहा पाजावा, भांडणाऱ्या भावांना तिरडीच्या कुठल्या दोन टोकांना धरायला लावावं. तिथे आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं त्याला वाटे. इतर कुठे कधी वाटलं नव्हतं.

"भावोजी, बसा आता," चंद्रप्रकाश म्हणाला. दत्तारामने पुडा मिटला.

तेवढ्यात गर्दीतून गुणाजीनाना निघाले. चाळीतले सगळ्यात म्हातारे. काठी टेकत त्यांनी रस्ता ओलांडला आणि सरळ पायरी चढले. मागून त्यांची सून चंपा "अहो नाना, तिकडे कुठे?" करत धावली. नानांनी पुडा उघडून पेढा तोंडात टाकला. मग एक बांबू उचलला, स्वतःच्या पायाशी उभा केला आणि मान वर करून त्याचं टोक पाहिलं. नाना अंगाने चांगलेच उंच होते.

"दत्तू, ह्यो माका पुरतलो मां?"

"नाना, असं काय बोलता?"

"खरां तां बोलतंय. माझ्या भावाची तिरडी नवशिक्यांनी बांधल्यानी. पाय भायर लोंबत होते, लोक हसत होते. माझी तू बांध. आतापासून नंबर लावन ठेवतंय."

दत्तारामचे डोळे भरून आले.

सासऱ्यांना एकटं सोडून कसं जायचं, म्हणून चंपा त्यांच्या मागे उभी राहिली. झालं. रस्त्याने एक गृहस्थ रॉकेलचा डबा घेऊन चालले होते. त्यांनी पाहिलं, दुकान नवं, पाटी झाकलेली आणि माणसं एकामागे एक उभी. ते मुकाट्याने चंपाच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे पिशवीवाल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. दिवसच तसे होते. पामतेल म्हणा, साखर म्हणा, कुठे काय मिळेल याचा नेम नसे. आधी रांग धरायची, चौकशी मागाहून. बघता बघता रांग पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.

"काय देतायत?"

"माहीत नाही. पण माल कमी आहे म्हणतात."

बाहेरची माणसं आपल्या पुढे जाताहेत हे पाहून चाळकऱ्यांनाही राहवेना. दुकान कसलं ते ठाऊक असूनही ते धावत आले आणि रांगेत घुसायला लागले. ढकलाढकली सुरू झाली. चंद्रप्रकाशने स्कूटर बंद केली आणि तोंड उघडं टाकून बघत राहिला.

सुलक्षणा मात्र नवऱ्याकडे बघत होती. गाठ कशी हवी ते नाना सांगत होते आणि तो मन लावून ऐकत होता, मधेच हसत होता. कुठल्याही नोकरीवरून परतताना तिने त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. तिला भरून आलं, आणि थोडी स्वतःची लाजही वाटली.

"दादा, तू नीघ," ती म्हणाली. "ह्यांना यायला जमायचं नाही."

मग तिने पदर खोचला आणि दोरी ओढली. पातळ खाली आलं. पाटीवरची ठळक अक्षरं सगळ्या रांगेला दिसली: दत्ताराम अंत्यविधी साहित्य भांडार.

"ढकलाढकली करू नका," सुलक्षणा ओरडून म्हणाली. "सगळ्यांचा नंबर लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे या."

ढकलाढकली एकदम थांबली. रॉकेलवाले गृहस्थ बाजूला सरकले आणि मागच्या बाईंना अदबीने म्हणाले, "आधी तुम्ही."