निरोगी बहीण

"मोजणीसाठी एक निरोगी बहीण हवी आहे," रेत्नो जेवताना म्हणाली. आईने एंदाहकडे असं पाहिलं, जणू घरात दुसरीही मुलगी आहे हे तिला आत्ताच आठवलं.

एंदाहने खारवलेल्या मासळीचा आणखी एक तुकडा भातावर घेतला. रेत्नोच्या ताटात मासळी नव्हती. तिचं वेगळं शिजायचं, बेताच्या मिठाचं, आणि तेही आईच्या हातचं. एकोणिसाव्या वर्षी रेत्नोला लूपस झाला. स्वतःचंच शरीर स्वतःवर उलटतं, असा हा आजार. तेव्हापासून बावीस वर्षं आई तिच्या मागेमागे होती. उन्हात जाऊ नकोस, गोळी घेतलीस का, जरा पड. रेत्नोच्या गालांवर लाल चट्टे उठायचे. सतरा वर्षांच्या एंदाहने एकदा मिरची वाटून आपल्या गालांना चोळली होती. आईने तिचं तोंड नळाखाली धरलं आणि म्हणाली, "देवाने धडधाकट ठेवलंय, म्हणून ही नाटकं सुचतात तुला!"

धडधाकट. हा शब्द एंदाहला शिवीसारखा लागे. धडधाकट म्हणून बाजारातलं टेंपेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचं, दुकान तिने चालवायचं, गॅसची टाकी तिने उचलायची, आणि डोकं ठणकलं की कपाळाला बाम चोळून पुन्हा उभं राहायचं.

"कसली मोजणी?" तिने विचारलं.

"इस्पितळात अभ्यास चाललाय. रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते बघतात. आमच्या आजारात त्या लवकर म्हाताऱ्या होतात म्हणे. माझ्या वाहिन्या तुझ्या वाहिन्यांशी ताडून बघणार."

"म्हणजे आपल्या दोघींत सरस कोण, ते मशीन सांगणार?"

"तसंच समज." रेत्नो हसली. "भीती वाटत असेल तर राहू दे."

"भीती? मला? कधी जायचं ते बोल."

गुरुवारी तिघी सेमारांग शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेल्या. आधी रेत्नोची मोजणी झाली. मग एंदाह खाटेवर आडवी झाली. डॉक्टर विदुरींनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला. मग पेनासारखं एक यंत्र तिच्या मानेवर टेकवलं, नंतर जांघेत.

"नाडीची लाट मानेपासून इथपर्यंत किती वेगाने धावते, ते कळेल," त्या म्हणाल्या. "बोलू नका. स्वस्थ पडा."

पडद्याच्या फटीतून एंदाहला आई दिसत होती. ती रेत्नोचा हात हातात घेऊन बसली होती. मोजणी इकडे चालली होती, आणि हात तिकडे होता. एंदाहने डोळे मिटले. धाव, ती आपल्या नाडीला म्हणाली. एकदा तरी तिला मागे टाक.

डॉक्टरांनी पडदा सारला. "रेत्नो साडेसात," त्यांनी कागद वाचला. "एंदाह अकरा."

एंदाह ताडकन उठून बसली. "ऐकलंस, आई? अकरा! जिंकले मी!"

आई डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टर हसल्या नाहीत.

"आडव्या व्हा आधी," त्या म्हणाल्या. "मऊ नळीतून लाट सावकाश जाते. कडक नळीतून सुसाट जाते. तुम्ही एकोणचाळीसच्या, पण तुमच्या धमन्या साठीच्या बाईसारख्या झाल्यात. रक्तदाब एकशे ऐंशीच्या वर आहे. शेवटचा कधी तपासला होता?"

"मला काय धाड भरलीय, तपासायला?"

रेत्नोच्या दंडाला दर महिन्याला पट्टा लागत होता, तिचं मीठसुद्धा मोजून पडत होतं. एंदाहच्या दंडाला तो आज पहिल्यांदा लागला होता.

आई उठली. खाटेपाशी आली आणि तिने एंदाहच्या पावलावर हात ठेवला. त्या हातासाठी एंदाह बावीस वर्षं झुरली होती. आता तो अंगावर आला, तर तिला त्याचीच भीती वाटली. सगळा राग तिने बहिणीवर काढला.

"झालं समाधान? यातही तूच वरचढ. मला इथे आणून हेच दाखवायचं होतं ना?"

टेबलावरची औषधांची चिठ्ठी उचलून रेत्नो औषधं आणायला बाहेर गेली.

दार लागेपर्यंत डॉक्टर विदुरी थांबल्या.

"आम्हाला अभ्यासासाठी हव्या होत्या तेवढ्या निरोगी बायका मागच्या महिन्यातच मिळाल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तरी तुमची बहीण तीनदा येऊन माझ्यापुढे बसली. म्हणाली, 'एंदाहचं डोकं रोज ठणकतं, पण स्वतःसाठी ती इस्पितळाची पायरी चढायची नाही. माझ्यावर मात करायची म्हटलं, की मात्र धावत येईल.'"