एकतिसावा प्रश्न

"सध्या तुम्ही पत्रकार म्हणून नोकरीत आहात का?" सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने पहिला प्रश्न वाचला.

"संध्याकाळी सहापर्यंत," काका म्हणाले.

तिला वाटलं, गंमत करताहेत. वर्तमानपत्राच्या कचेरीतली जुनी माणसं थट्टेखोर असतात, हे गेल्या दोन महिन्यांतल्या मुलाखतींत तिला चांगलंच कळलं होतं. ती हसली. काकांनी पेपरवेट उचलून त्याखालचं पत्र तिच्यापुढे सरकवलं, आणि तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. सकाळी अकराला हाती पडलेलं पत्र. पानं लावायचं काम यापुढे मुख्य कचेरीतच होणार होतं, तेव्हा आज सहापासून नोकरी संपली, चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. बस्स, एवढंच.

"अगबाई! मग मी नंतर येऊ का, काका?"

"नंतर कुठे येणार? बस खाली."

सगळी कचेरी त्यांना मथळेकाका म्हणायची. बातमी कसलीही असो, सात शब्दांत तिचा मथळा करावा तो त्यांनीच. मुलगी विद्यापीठातली. चाळीस देशांतल्या पत्रकारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि कुठला देश काय म्हणतो ते ताडून बघायचं, असा तिच्या विभागाचा अभ्यास चालला होता. शब्द बदलायचा नाही, प्रश्न गाळायचा नाही. आणि नोकरीत नसलेला माणूस मोजायचा नाही! तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. संध्याकाळी सहाचं काय करायचं, हे नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"लिही ना 'हो'," काका म्हणाले. हलकंफुलकं बोलायला गेले, पण जमलं नाही. "चौतीस वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलं नाही, बाळ. आम्हा उपसंपादकांचं येतच नाही. तुझ्या चाळीस देशांत एक आकडा म्हणून तरी येऊ दे."

तिने 'हो'वर खूण केली.

मग काय, काकांची कळी खुलली. आपल्या कामात कशाला किती महत्त्व, याला एक ते पाच गुण द्यायचे होते, ते देताना परीक्षकाचा काय तो रुबाब!

"सरकारवर लक्ष ठेवणं?"

"तीन. पाच म्हणालो तर जीभ झडेल. जाहिराती आल्या की आमची मान बरोबर दुसरीकडे वळायची."

"वाचकाला रोजच्या जगण्यात मदत करणं?"

"पाच! एकदा निवडणुकीचा झकास मथळा केला होता मी. त्याच दिवशी 'उद्या पाणी बंद' ही एवढीशी चौकट माझ्या हातून राहून गेली. मथळ्याचं कुणी नाव काढलं नाही. फोन मात्र दिवसभर खणखणत होता. लोकांनी माझा असा उद्धार केला म्हणतेस!" मुलगी खुदकन हसली. "बरं, बाकीचे देश काय म्हणतात याला?"

"ते आत्ता नाही सांगता येत. तुमच्या उत्तरावर परिणाम होईल."

"शाब्बास! पोटात ठेवता येतं म्हणजे तुला."

आजूबाजूच्या टेबलांवर आज सगळ्यांनाच एकदम फार काम निघालं होतं. कुणी मान वर करत नव्हतं. एक बातमीदार आली, काकांपुढे चहा ठेवला आणि निघून गेली. काकांनी पाठमोरीला "जियो" म्हटलं.

अशी तीस उत्तरं झाली. पुढचा प्रश्न मुलीने आधी मनातच वाचला. आणखी पाच वर्षांनी तुम्ही याच पेशात असाल, असं तुम्हाला वाटतं का? तिची जीभ रेटेना. काही झालंच नाही अशा थाटात तिने पान उलटलं.

"एकतिसावा राहिला."

ती दचकली. काका शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात धंदा शिकलेले, उलटी अक्षरं त्यांना सुलट्याइतकीच सरावाची. टेबलापलीकडून ते मघापासून तिचा कागद वाचत होते.

"तो एवढा महत्त्वाचा नाही, काका."

"बाकीच्यांना विचारलास?"

"हो."

"मग माझ्यावरच मेहेरबानी का?" काकांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली. "समोरच्याला लागेल म्हणून प्रश्न गिळायचा नसतो, पोरी. आज कीव आली म्हणून गिळशील, उद्या भीती वाटली म्हणून गिळशील. विचार. कागदात तोंड खुपसू नकोस, माझ्याकडे बघून विचार."

तिने मान वर केली. आणि तिने अख्खा प्रश्न विचारला, एकही शब्द न बदलता.

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काचा लख्ख झाल्या तरी पुसतच राहिले. तिला फार वाटलं, काहीतरी बोलून यांना सोडवावं. पण तीही आता पेन धरून उत्तराची वाट बघत राहिली.

"लिही," शेवटी चष्मा न लावताच ते म्हणाले. "'प्रतिक्रिया देण्यास त्यांनी नकार दिला.'"

तिचं पेन कागदावर अडखळलं.

"लिही, लिही. नकार दिला, हेही छापायचं असतं."