तिसरी पाचर

आमच्या आबांचं माप चुकलं असं वेल्ह्यात कुणी म्हणायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाशी भांडतील, पण सुतारकामातली चूक कबूल करणार नाहीत. मी गाडीवरून पडले आणि डाव्या हाताच्या बोटांतला जोर गेला. जुन्या गिटारच्या तारा दाबवेनात, म्हणून आबांनी सागवानाची इलेक्ट्रिक गिटार बनवली. तिच्या मानेच्या बुडाशी पाचर घातली, की मान मागं कलते आणि तारा खाली येतात. आज तिसरी पाचर बसली. तारेखाली जेमतेम कागद सरकत होता. मी जीव खाऊन दाबलं. तार मानेवरच्या पट्टीला टेकली नाही. चहा आणायला उठले, तेव्हा कपाटाच्या आरशात दिसलं: आबांनी करंगळी नुसती ठेवली आणि तार टेकली. परतले तर ते पेचकस शोधत होते. "माप चुकलं माझं," माझ्याकडं न बघता म्हणाले. "तारा अजून उंच हायत." "व्हय आबा."