शेजारचा राजा

राज्यं जिंकायच्या त्या व्हिडिओ गेममध्ये कुणालाही हवे ते बदल करायची मुभा होती. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात एकट्याने राहणाऱ्या इल्पोने त्याचा एक मॉड बनवला: शेजारचा राजा चाल करून येतच नाही, रोज कॉफी प्यायला येतो, गप्पा मारतो आणि जातो. जगभर लोक तो खेळू लागले.

"मित्रा, हा राजा काहीच मागत नाही रे. भीती वाटते," एकाने लिहिलं.

"घाबरतोस काय? बसव की त्याला!" इल्पोने उत्तर दिलं.

रविवारी बेल वाजली. इल्पोने बंद दाराच्या भिंगातून पाहिलं: बाहेर समोरच्या घरातला रेइमा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अहो इल्पो, मॉडवर तुमचं नाव वाचलं! म्हटलं, आपणही जावं. वेलचीचा पाव आणलाय."



इल्पोने आधी दिवा मालवला, मग श्वास रोखला, आणि रेइमा निघून जाईपर्यंत तो दाराआड तसाच उभा राहिला.