सोबतीचं तिकीट

एजन्सीकडून तासावर बोलावलेल्या इवोनाच्या कमरेत हात घालून लिंडनरसाहेब दर गुरुवारी व्हिएन्नाच्या त्या संग्रहालयात जायचे आणि ऐटीत दोन पूर्ण तिकिटं मागायचे. खिडकीतली बाई नाक मुरडून द्यायची.

आज मात्र त्यांचे पाय फारच लटपटत होते. इवोनाला राहवलं नाही. त्यांच्या पाकिटातलं अपंगांचं कार्ड काढून तिनंच खिडकीत सरकवलं. त्यावर सोबतच्या माणसाला तिकीट लागत नाही.

बाईचा चेहरा एकदम निवळला. "बाबांना जपून ने हं, पोरी. उजवीकडे लिफ्ट आहे."

लिंडनरसाहेब तिथूनच मागे वळले.

"अहो, चित्रं नाही बघायची?"

"चित्रं कोण बघत होतं? चार वर्षं ही बाई मला रंगेल म्हातारा समजत होती, इवोना. तेवढ्यासाठीच यायचो मी."