केसाळ्याची डरकाळी

“काका, ही डरकाळी काढून टाकायचीय,” स्टुडिओतली मुलगी म्हणाली. “सिनेमा पुन्हा लागणार ना, मालकांनी नवी मागवलीय. जुनी ऐकून लोक हसतात हो.”

“काढ की. खुशाल काढ,” साउंडवाले मास्तर म्हणाले. “मला फक्त मूळ रीळ ऐकायचंय. तेवढ्यासाठी आलोय.”

लोक हसतात, त्यात त्यांचं तरी काय चुकलं? सिनेमाच तसा होता. म्हणायला घनदाट अरण्य, आणि झाडं मोजून तीन. हिरॉइन जीव खाऊन पळायची आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी यायची. राक्षस म्हणजे गादीतला काथ्या चिकटवलेला अंगरखा, पाठीवर चेन दिसतेय, आणि आत कोण, तर गाडीचा ड्रायव्हर. युनिटनं त्याचं नाव केसाळ्या ठेवलं होतं. पण काहीही म्हणा, हा केसाळ्या ओरडला की थिएटरातली पोरं आईला बिलगायची. ती डरकाळी याच मास्तरांनी घडवलेली. तिच्याच जोरावर सिनेमा तरला.

ती कुणाच्या गळ्यातली, हे मास्तरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं.

“माझ्या बायकोचा आवाज आहे तो.”

मुलगी बघतच राहिली. “काय सांगता, काका!”

“मग काय करणार? सर्कशीतल्या सिंहापुढे माइक धरला, तर त्यानं जांभई दिली.”

हात हलवत घरी आलेल्या मास्तरांनी त्या दुपारी खोलीत मशीन मांडलं, माइकची वायर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली आणि बायकोला म्हणाले, “ओरड. काय वाटेल ते ओरड, पण पोटातून ओरड.” तिला आधी थट्टाच वाटली. मग ओरडली बिचारी. मास्तरांनी तो टेप निम्म्या वेगानं चालवून दुसऱ्या टेपवर उतरवला, उतरवलेला पुन्हा निम्म्यानं चालवून उतरवला. बायकी आवाज खाली खाली जात पार रानटी झाला. मनासारखा जमला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून झोपली होती. शेजारी दोन ताटं झाकून ठेवलेली. मास्तरांनी हौसेनं तिला उठवून डरकाळी ऐकवली. ती दचकली, आणि मग पोट धरधरून हसली. पुढे भांडण झालं की म्हणायची, “केसाळ्याशी जरा नीट बोलायचं हं!”

“पण ओरडल्या काय त्या?” मुलीनं विचारलं.

“देव जाणे. मी सुईकडे बघत होतो.”

खरंच होतं ते. आवाज फार चढला की मशीनवरची सुई लाल पट्ट्यात जायची आणि टेप वाया जायचा. मास्तरांचा जन्म त्या सुईकडे बघण्यात गेला. कोण किती मोठ्यानं बोललं ते पक्कं कळायचं, काय बोललं ते नाही.

आता ती नव्हती. गेली तेव्हा सुरुवातीला तिचा आवाज कानात घुमायचा. मग तिचं बोलणं तेवढं राहिलं, आवाज विरला. परवा मास्तर तिचं हसणं आठवायला बसले, आणि आठवेना. उठून टेप धुंडाळायला लागले. घरभर टेप पडले होते. ढगांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, दारांची करकर. तिचा एक शब्द नाही. कसा असणार? मशीन चालू झालं की मास्तर ओठांवर बोट ठेवायचे. पुढे पुढे तीच ठेवायला लागली. लाल दिवा लागला की ही बाई घरात वाटीसुद्धा वाजू द्यायची नाही. तिच्या ओरडण्याचा तो पहिला टेपही कधीच पुसून दुसऱ्या कामाला लागला होता. उरली होती ती एवढी डरकाळी.

मुलीनं रीळ डब्यातून काढलं. तिच्या बोटांना तपकिरी भुकटी लागली.

“झडतंय हो, काका. एकदा चालेल, पुन्हाचं सांगता येत नाही. मी चालता चालताच कॉम्प्युटरवर घेते. आणि मग उलटं करू. तुम्ही दोनदा निम्म्यानं हळू केलंत ना? मी दोनदा दुप्पट करते.”

मास्तरांनी मान हलवली.

रीळ फिरायला लागलं. डरकाळी आली, खोल, लांबच लांब. सिनेमात तिचे तुकडेच वापरले होते. इथे सगळी अख्खी होती. मास्तरांची नजर सवयीनं सुईकडे गेली. त्यांनी मुद्दाम डोळे मिटून घेतले. शेवटचं टोक सुटलं आणि रीळ रिकामं फडफडलं.

“आलं सगळं,” मुलगी म्हणाली. तिनं वेग दुप्पट केला. झोपेत बरळणाऱ्या पुरुषासारखं काहीतरी ऐकू आलं. मग तिनं पुन्हा दुप्पट केला.

“अहो, जेवायला चला ना! किती हाका मारायच्या माणसानं? सगळं गार झालं. आणि सांगून ठेवते, तुम्ही येईपर्यंत मी उपाशी बसायची नाही!”

समोरच्या पडद्यावर सिनेमा आवाजाविना चालूच होता. केसाळ्या तीन झाडांमधून हात पसरून येत होता, आणि सगळे त्याच्यापासून पळत होते.

“काका, पुन्हा लावू?” मुलीनं हळूच विचारलं.

“आलो, आलो गं,” म्हणत मास्तर खुर्चीवरून उठले होते.