सुबक आकडे

शामसुंदर सरांनी पिशवीतून फाइल काढली आणि अंबडच्या त्या छोट्या बेकरीच्या काउंटरवर, टोस्टच्या बरणीशेजारी ठेवली.

"आत बसा ना सर," तेजश्री म्हणाली. तिचे हात पिठाने भरलेले होते.

"नको. आधी बोलतो, नाहीतर धीर जायचा."

तेजश्रीला लॅबमधून काढून सहा वर्षं झाली, पण एवढी सगळी वर्षं त्यांना टोचणी लागली होती असंही नाही. पहिली पाच वर्षं ते स्वतःला बरोबरच समजत होते. मास्तर माणूस, सवयच असते.

तेजश्री तेव्हा त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. यीस्टची पेशी जनुकावरून एमआरएनए, म्हणजे निरोपाची नक्कल, उतरवते आणि मग ती छाटून तयार करते. ही दोन कामं एकमेकांवर नजर ठेवून चालतात, असं तेजश्रीचं म्हणणं होतं. पापड वाळत घालणारी अडली की लाटणारीचाही हात मंदावतो, तसं. छाटणी अडवली की उतरवणंही मंदावतं, हे तिने आकड्यांनिशी दाखवलं. आकडे इतके सुबक, की सरांनी वही तिच्यापुढे आपटली.

"यीस्ट एवढं शहाण्यासारखं वागत नाही. हे घरी बसून लिहिलंयस."

तिची नोंदणी रद्द झाली. ती एका शब्दानेही भांडली नाही.

"तेच मला खातं गं," सर आता म्हणाले. "खोटा माणूस आकांडतांडव करतो. तू मुकाट गेलीस. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

तेजश्री फडक्याला हात पुसत राहिली.

"या वर्षी आभाने, माझ्या नव्या विद्यार्थिनीने, तोच प्रयोग केला. तीनदा. दरवेळी तुझंच उत्तर." सरांनी फाइल उघडली. "तू गेलीस त्या वर्षी दिवाळीत लॅबचा फ्रीजर बंद पडला, सगळ्यांचे नमुने नासले. तुझी मोजणी तेवढी आधीच उरकली होती. नशिबाने वाचलेलं काम मी मातीमोल केलं."

"सर, चहा घ्या."

"घेतो. आधी सही कर." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "विद्यापीठाला कालच लेखी कळवलंय, आरोप खोटा होता, चूक माझी. मला मार्गदर्शक म्हणून काढतील, काढू देत. तुझी पीएचडी पुन्हा सुरू होईल. आज तुझे बाबा असते तर..."

तिचे वडील घोटीच्या बाजारात 'माझी पोर डॉक्टर होणार' म्हणून सांगत फिरायचे. नंतर त्यांनी बाजारात जाणंच सोडलं, हे सरांच्या कानावर आलं होतं.

तेजश्रीने पेन घेतलं. अर्जावरचं स्वतःचं नाव ती बराच वेळ पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले. केलं हिने माफ, असं सरांना वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

तिने पेनाला टोपण लावलं.

"सर," ती म्हणाली, "फ्रीजर बंद पडला, तेव्हा माझी एकही मोजणी झालेली नव्हती."